सरस्वतीपुढे ठेवलेली पाकिटे

ज्या कंपनीत मी माझ्या उमेदीची वर्षे घालवली, तिचे नाव या प्रकरणात येणार नाही. वकिलांची भीती हे त्याचे कारण नाही. नाव लिहिले तर तिची आणखी एक फुकट जाहिरात होईल, एवढेच. तिने माझ्याकडून पुष्कळ फुकट जाहिरात करून घेतली आहे आणि त्यांतली सगळ्यात मोठी माझ्या आईच्या हातून करून घेतली. ते कसे घडले हे लिहून ठेवण्याचे धैर्य मला पन्नाशी उलटल्यावर आले, यातही माझा काही मोठेपणा नाही. अप्पा गेले, आई गेली, आणि मान खाली घालायला लावील असे माणूस घरात उरले नाही. म्हणून ते आले.

धारवाडच्या सप्तापुरात कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्याने देणारे एक लांबट घर होते. त्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होते. माझी सकाळ भाकरी थापण्याच्या आवाजाने होत असे. परातीत जोंधळ्याच्या पिठाचा गोळा घेऊन आई थापू लागली की आधी तो आवाज मऊ, भरलेला असे; भाकरी पसरत आणि पातळ होत जाई तसतसा तो कोरडा आणि हलका होई, आणि अंथरुणात डोळे मिटून पडल्यापडल्याही ती तव्यावर केव्हा पडणार हे मला कळे. जेवणात मोठेसे काही नसे. भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलात शिजलेली भरली वांगी, शेंगांची चटणी, घट्ट दही, बुक्कीने फोडलेला कांदा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कारकून असलेले अप्पा हे सगळे इतके सावकाश जेवत की समोरच्याला कंटाळा यावा. मी भराभर आटोपून उठू लागलो की म्हणत, "अरे, दात काय शोभेला ठेवलेत? त्यांनाही थोडं काम करू दे." त्या वेळी मला हा विनोद शिळा वाटे. आता माझे डॉक्टर मला अगदी हेच सांगतात, फक्त विनोद वगळून, आणि मी वहीत लिहून घेतो.

आई जवळच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवीत असे. शाळा लहान होती. वकिलांची आणि प्राध्यापकांची मुले तोवर इंग्रजी शाळांकडे निघाली होती. उरली होती ती अळणावरकडच्या खेड्यांतून कामासाठी धारवाडात आलेल्या गवंड्यांची, हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले. या घरांमध्ये आईच्या शब्दाला जे वजन होते त्याची कल्पना आज कुणाला देता येणार नाही. "बाईंनी सांगितलंय" एवढे म्हटले की वाद संपत असे. बाईंनी सांगितले म्हणून मुलांना गोवराची लस टोचली गेली, बाईंनी सांगितले म्हणून एका मुलीला चष्मा मिळाला, बाईंनी सांगितले म्हणून दोघीतिघींची लग्ने काही वर्षे लांबली. तिच्याकडे दुसरे काही नव्हते. दागिने नव्हते, घर नव्हते, मोठ्या ओळखी नव्हत्या. हा एक शब्द होता, आणि तो तिने फार जपून वापरला होता.

शाळेत दर शुक्रवारी सरस्वतीची पूजा होत असे. आमच्या भागातल्या शाळांमध्ये, मराठी असोत की कन्नड, ही जुनी रीत. शेवटच्या तासाला तसबिरीला फुले घालायची, मुलांनी श्लोक म्हणायचे आणि मग चुरमुरे, फुटाणे, गूळ, खोबऱ्याचे तुकडे असा प्रसाद वाटायचा. प्रसाद आणण्याची पाळी दर आठवड्याला एकेका मुलाच्या घराची असे. कोणाची पाळी आहे हे आई कधी जाहीर करीत नसे. सगळे एका मोठ्या परातीत एकत्र होई आणि कोणी किती आणले हे कोणाला कळत नसे. एखाद्या घरून नुसता गुळाचा खडा आला तर उरलेले ती स्वतः घाली. चुरमुरे बसव्वाच्या भट्टीवरचे असत. आमच्या गल्लीच्या टोकाला तिची भट्टी होती. मोठ्या लोखंडी कढईतल्या तापल्या वाळूत मिठाच्या पाण्यातून काढलेला तांदूळ पडला की क्षणभर शांतता असे आणि मग पत्र्यावर पाऊस सुरू व्हावा तसा तडतडाट होई. ती चाळणी मारून वाळू खाली पाडी आणि ऊन चुरमुऱ्यांचा पहिला मूठभर घास समोर उभा असेल त्याच्या हातावर ठेवी.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि वर्षभर रिकामा बसल्यावर या कंपनीत लागलो. कंपनी मक्याच्या नळ्या विकत असे. नारिंगी रंगाच्या, बोटभर लांबीच्या, आत पोकळ. माझ्याकडे धारवाड, कलघटगी आणि अळणावर असा टापू आला. आधी तीन दिवस आम्हा नव्या पोरांना कारखाना दाखवण्यात आला. मक्याचे भरड पीठ एका यंत्राच्या तोंडातून दाबाने बाहेर येई आणि फुगे. मग ते तळले जाई, आणि एका फिरत्या पिंपात त्याच्यावर भुकटी उडवली जाई. भुकटीच्या पोत्यावर टोमॅटोचे चित्र होते. मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारले, यात टोमॅटो किती असतो. तो मनापासून हसला. "टोमॅटो घातला तर टोमॅटोची चव कशी येणार?" तो म्हणाला. त्यानेच मला समजावून सांगितले की नळी तोंडात पडताच विरघळली पाहिजे. चावावे लागले की माणूस थांबतो, आणि थांबला की त्याला पोट आठवते. पोट आठवू नये यासाठी त्या इमारतीत किती शिकलेली माणसे राबत होती! कोणी तेलाचा वास बघत होता, कोणी कुरकुरीचा आवाज मोजत होता. अन्नाविषयी इतका विचार करणारी आणि अन्नाचा इतका तिरस्कार करणारी माणसे मी त्यानंतर पाहिली नाहीत. पाहिली नाहीत असे म्हणतो खरे, पण पुढे रोज आरशात एक पाहत होतो.

माझे वरिष्ठ शेणॉय साहेब. ते हुबळीला बसत. त्यांचे मराठी मुंबईत शिकलेले, गुळगुळीत होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "श्रीधर, मोठ्या माणसांच्या मागे लागू नकोस. त्यांची जीभ झालेली आहे. ज्यांची जीभ अजून व्हायची आहे, तिकडे जा." म्हणजे शाळांकडे. मी गेलो. एका शाळेत शिपायाने फाटकातूनच परत लावले. दुसऱ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेने नमुन्याचे पाकीट चिमटीत धरून, मेलेले झुरळ टाकावे तसे माझ्या पिशवीत परत टाकले. सहा महिन्यांच्या उमेदवारीतले तीन महिने गेले होते. शाळा मिळाल्या तर नोकरी कायम होणार होती, नाही तर नाही. घरी अप्पांनी माझ्या नोकरीवर एकच वाक्य बोलून ठेवले होते, "बी.एस्सी. झाला आणि हवा विकायला लागला." पाकीट फोडले की वरचा अर्धा भाग रिकामाच निघे, त्यावरून. ते वाक्य बसव्वापर्यंत पोहोचले. मी भट्टीवरून जाऊ लागलो की ती हात कमरेवर ठेवून विचारी, "एनप्पा तम्मा, गाळी मारतीयंत?" काय बाबा, वारा विकतोस म्हणे? भट्टीवरच्या बाया हसत आणि मी मान वळवून पुढे जाई.

एका गुरुवारी संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशीची पाळी तिसरीतल्या सावित्री नावाच्या मुलीच्या घराची होती. तिचा बाप यल्लाप्पा गवंड्याच्या हाताखाली काम करीत असे आणि तिची आई बाळंतपणाला गावी गेली होती.

"यल्लाप्पा कुठला आणतोय उद्या," आई म्हणाली. "श्रीधर, बसव्वाकडून चुरमुरे आण बघू जरा."

बसव्वाच्या भट्टीवर जायचे माझ्या जिवावर आले. कोपऱ्यात नमुन्यांचे दोन खोके पडले होते. "आई, हेच दे की उद्या. नुसते पडून आहेत."

"हे?" तिने एक पाकीट उचलून उलटसुलट केले. मागची अक्षरे बारीक होती आणि तिचा चष्मा शाळेच्या पिशवीत होता. "कांदा-लसूण नाही ना यात? देवापुढे ठेवायचं आहे."

"नाही."

हे उत्तर खरे होते. कांदा-लसूण नव्हते, त्यांचा वास होता. खरे म्हणजे कशातच काही नसल्यामुळे ते पाकीट सोवळ्यात चपखल बसत होते.

"मग असतं तरी काय?"

"हवा," अप्पा आतून म्हणाले. "आणि वाऱ्याला लावायला मीठ."

"तुम्ही गप्प बसा हो. मी त्याला विचारते आहे."

"मका असतो, आई. तेल, मीठ. टोमॅटो."

टोमॅटो हा शब्द मी का जोडला, याचा मी पुढे फार विचार केला आहे. पहिल्या तीन शब्दांवरच आईचे समाधान झाले असते. पण कंपनीने मला शिकवले होते की शेवटी एक भाजी किंवा एक फळ सांगावे, आणि मी गुणी विद्यार्थी होतो.

"पोरांच्या पोटाला बरं ना?"

"पौष्टिक आहे."

"बरं," ती म्हणाली. "तू शिकलायस त्यातलं. तुला कळतं." आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खोके घेऊन शाळेत गेलो आणि कंपनीचा कॅमेराही नेला. आईने पाकिटे तसबिरीपुढे नीट ओळीने मांडली, त्यांच्यावर फुले वाहिली, डोळे मिटून हात जोडले. त्या क्षणी मी बटण दाबले. मग मुलांनी पाकिटे फोडली. मी शाळेचा इतका शांत व्हरांडा कधी पाहिला नव्हता. कोणी बोलत नव्हते, कोणी कोणाला ढकलत नव्हते. फक्त कुरकुर ऐकू येत होती. थोड्या वेळाने पाट्यांवर, शर्टांवर, तसबिरीच्या काचेवरही नारिंगी बोटे उमटली. आईला त्यांच्या आनंदाचा आनंद झाला होता. घरी येताना ती मला म्हणाली, "तुझ्या नोकरीला नावं ठेवत होतो रे आम्ही." हे तिचे क्षमा मागणे होते.

पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखे चुरमुरे आले. मी मुख्याध्यापकांना, म्हणजे हेडसरांना, भेटायला गेलो होतो आणि फाटकापाशी थांबून पाहत होतो. परात फिरली. मुलांनी हात पुढे केले, ओंजळीत पाहिले आणि एकाने विचारले, "बाई, ते नारिंगी नाही?" आईने हसून सांगितले, आज हे. मग एका मुलाने ओंजळ हळूच सोडली. त्याचे पाहून दुसऱ्याने, तिसऱ्याने. मुले पळाली तेव्हा व्हरांडाभर चुरमुरे पडले होते आणि धावणाऱ्या पायांखाली ते फुटत होते. प्रसाद पायाखाली आलेला आईने आयुष्यात पाहिला नसेल. ती खाली बसली आणि ओल्या बोटाने एकेक दाणा टिपून पदरात घेऊ लागली. तिला वाकून काम करणे जड जात असे. मी तिच्या मदतीला जायला हवे होते. मी गेलो नाही. मी खिशातली कंपनीची डायरी काढली आणि तिच्यात लिहिले, "मागणी निर्माण झाली." ते अक्षर माझेच आहे, डायरी अजून माझ्याकडे आहे.

शेणॉय साहेबांना हर्ष झाला. "इतकी वर्षं आम्ही फाटकं ठोठावतो आहोत," ते म्हणाले, "आणि तू देवाच्या दारातून आत गेलास!" देवापुढे ठेवलेली वस्तू मूल नाकारत नाही, आईबाप तिला नावे ठेवत नाहीत आणि मास्तर तिची चौकशी करत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर उमगले. आईचा तो फोटो एका पत्रकावर छापला गेला. खाली तिचे नाव नव्हते. "शिक्षकांची पसंती" एवढेच होते. ते पत्रक दाखवले की कलघटगीतल्या शाळाही उघडू लागल्या. आमच्या शाळेत तर हेडसरांनी पाळीची भानगडच नको म्हणून दर शुक्रवारी कंपनीची पाकिटे घेण्याचे ठरवले. आईने विरोध केला नाही. मुलगा म्हणाला होता ना, पौष्टिक आहे.

मी आज हुबळीत उणकलला राहतो. तळ्याकाठी सकाळी फिरायला जातो, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माझा एक डॉक्टर मित्र सांगतो की ज्यांनी दारूचा थेंब घेतलेला नाही अशा पोरांची यकृते त्याला चरबीने सुजलेली दिसतात आणि आजोबांचे रोग नातवांना होऊ लागले आहेत. तळ्याकाठीच मध्यंतरी एक मंडप पडला होता: मोफत मधुमेह तपासणी. मंडपावर माझ्या जुन्या कंपनीचे चिन्ह होते आणि तपासून घेतलेल्या प्रत्येकाला जाताना एक पाकीट मिळत होते, नव्या प्रकारचे, हिरवे, ज्याच्यावर नाचणीच्या कणसाचे चित्र आहे. मला हसू आले नाही. एवढी निर्लज्ज कल्पना सुचायला माणूस आतून किती रिकामा झालेला असावा लागतो हे मला माहीत आहे; मी त्या वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आहे.

त्या पत्रकानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी यल्लाप्पा सावित्रीला घेऊन आमच्या दारात आला. आत ये म्हटले तरी उंबऱ्याबाहेरच बसला. मुलगी त्याच्या मागे, तोंडात बोट घालून.

"बाई, रागावू नगासा," तो म्हणाला. "पोरगी भाकरी खाईना झालीया. ताट फुडं ठिवलं की रडतीया. त्येच पायजे म्हणतीया, नारिंगी. चार-चार दिस परसाकडं हुईना तिला."

"मग घेऊन कशाला देतोस?" आईने विचारले.

यल्लाप्पाने चमकून वर पाहिले. "मी कशाला दिलो असतो ओ? बायकू म्हनली, बाई देवाम्होरं ठिवत्यात, म्हंजे चांगलंच असणार. तुमी ठिवलासा म्हणून आनतोय आमी. आमच्या गल्लीत समदी आनत्यात."

आईने सावित्रीला जवळ घेतले, तिची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले, आणि यल्लाप्पाला चहा देऊन वाटेला लावले. मग तिने शाळेच्या पिशवीतून चष्मा काढला, माझ्या खोक्यातले एक पाकीट घेतले आणि खिडकीपाशी जाऊन मागची अक्षरे वाचू लागली. इंग्रजी शब्द ती एकेक अक्षर लावून वाची. वाचलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिने मला विचारला आणि मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखा खरा अर्थ सांगत गेलो. हे कसले तेल, हा कसला क्षार, हे कशाला घालतात.

"आणि हे? परवानगी असलेले रंग आणि चवी. कोणाची परवानगी?"

"सरकारची."

"यल्लाप्पाची नाही." ती पुन्हा वाचू लागली. शेवटपर्यंत गेली, परत वर आली. "श्रीधर, टोमॅटो कुठं आहे?"

अप्पा झोपाळ्यावर होते. एरवी त्यांनी अशी संधी सोडली नसती; आज त्यांनी पायाने झोपाळा थांबवला.

"बरं," आई म्हणाली. पाकीट तिने होते तसे खोक्यात ठेवले.

पुढच्या शुक्रवारी मी कलघटगीत होतो. शाळेत काय झाले ते मला संध्याकाळी अप्पांनी सांगितले. पूजेच्या वेळी आईने पाकिटे तसबिरीपुढे ठेवू दिली नाहीत. ती मुलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मुलांनो, माझी चूक झाली. हे देवापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. मी न वाचता ठेवलं. घरी सांगा, बाई चुकल्या." माझे नाव तिने घेतले नाही. मागच्या ओळीतून एकाने विचारले, "म्हणजे आज नाही मिळणार?" हेडसर धावत आले. त्यांनी मुलांदेखत आईला विचारले, "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? तुमचा स्वतःचा मुलगा बी.एस्सी. आहे. त्यानं मला लिहून दिलं आहे पौष्टिक आहे म्हणून." ते खरे होते. दिले होते लिहून, सहीसकट. हेडसरांनी स्वतःच्या हाताने पाकिटे वाटली आणि पूजेचे काम आईकडून काढून दुसऱ्या शिक्षिकेकडे दिले.

मी घरी आलो तेव्हा माझ्या खिशात नोकरी कायम झाल्याचे पत्र होते. ते मी बाहेर काढले नाही. आई स्वयंपाकघरात होती. तिने मला वाढले, समोर बसली आणि माझे जेवण होऊ दिले. मग म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर शाळेत ये. मुलांना तू सांग, आणि हेडसरांनाही. तुझं लिहिलेलं त्यांच्याकडे आहे, म्हणून माझं बोलणं खोटं पडलं. तू म्हणालास तर ऐकतील."

"माझी नोकरी जाईल, आई."

"जाईल कदाचित."

"मग?"

"मग दुसरी बघू. अप्पांची आहे, माझी आहे." ताट उचलत ती म्हणाली, "अरे, त्या बायांना मी उद्या लस टोचा म्हणून सांगणार आहे. त्यांनी का ऐकावं माझं?"

मी "येतो" म्हणालो. ते म्हणताना माझा येण्याचा विचार होता की नव्हता हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही. रविवार गेला. संध्याकाळी शेणॉय साहेबांनी घरमालकांच्या फोनवर निरोप ठेवला: सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो, अळणावरच्या शाळा उघडायच्या आहेत, तयार राहा.

सोमवारी आई नेहमीपेक्षा लवकर तयार झाली होती. इस्त्रीचे पातळ, चष्मा नाकावर, हातात पिशवी. दाराशी उभी राहून ती माझी वाट पाहत होती. मी पायात बूट घालत खाली मान घालून म्हणालो, "आई, साहेब येतायत हुबळीहून. आज जमेलसं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की."

तिने थोडा वेळ माझ्या डोक्याकडे पाहिले असावे. मी वर पाहिले नाही. अप्पा म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "तुम्ही येऊन काय करणार हो?" आणि मग मला, अगदी रोजच्या आवाजात, "न खाता जाऊ नकोस. भाकरी झाकून ठेवली आहे."

ती गेल्यावर दहा मिनिटांनी गाडी आली. दोन्ही अंगांना त्या नारिंगी नळ्यांचे भले मोठे चित्र रंगवलेले होते. शेणॉय साहेब मागे बसले होते, मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. शाळेकडे जाणारा रस्ता अरुंद होता, आणि आमचीही वाट तीच होती. पुढे रस्त्याच्या मधोमध आई चालली होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत, काहीतरी मनाशी म्हणत. हेडसरांशी बोलायचे वाक्य जुळवीत असावी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिला तो ऐकू आला नाही. त्याने पुन्हा वाजवला, लांब. शेणॉय साहेब मागून म्हणाले, "काय ही म्हातारी!" मी काही बोललो नाही. आई दचकली, मागे न पाहता घाईघाईने गटाराच्या कडेला सरकली, आणि गाडी तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली.